ताईंच्या प्रयोगशाळेचा शिक्का

सुमतीताई खांबेटे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या प्रयोगशाळेच्या फरशीवर उकिडव्या बसून विटा वाजवत होत्या. बनारसच्या तंत्रनिकेतनातला तो माझा पहिलाच आठवडा. दोन हातांत दोन विटा घ्यायच्या, एकमेकींवर आपटायच्या आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत वाजली ती उजव्या ढिगात, बद्द वाजली ती डाव्या. आम्ही तीसेक मुले दारात घोटाळत होतो. साडीचा पदर खोचलेली, कोपरापर्यंत लाल धुळीने माखलेली ही बाई इथली कामवाली असावी, असे कुणीतरी म्हणालेही. ताईंनी मान वर न करता विचारले की, डाव्या ढिगातल्या विटांनी स्वतःचे घर कोण बांधेल? कुणाचाच हात वर झाला नाही. मग त्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या की, ज्या विटेने स्वतःचे घर बांधणार नाही त्या विटेने दुसऱ्याचे बांधायचे नाही. तीन वर्षांत एवढेच शिकायचे आहे, बाकी सगळे पुस्तकात सापडते.

वर्ग हिंदीत चाले. हजेरीत माझे आडनाव आले तशा त्या मराठीत वळल्या आणि कुठल्या गल्लीतला म्हणून विचारले. मी दूधविनायक सांगितले. वडील रेल्वेत, सतत बदल्या, म्हणून मी माझ्या चुलत्यांकडे, नानाकाकांकडे, राहून शिकत होतो. ताईंचे घर दुर्गाघाटावर. त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो आणि पुढची कितीतरी वर्षे जातच राहिलो.

त्यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी 'ताईंची शिस्त' या विषयावर लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले. मंडळातली मंडळी तरुण आहेत, त्यांनी आदराने कळवले आहे. ताईंचा जुना विद्यार्थी आणि नंतरचा सहकारी म्हणून माझी निवड झाली. ही निवड किती चुकीची आहे, हे पुढे वाचल्यावर त्यांच्या लक्षात येईल.

ताईंच्या मायेबद्दल आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडण्याचे यंत्र होते. ठोकळा कोणत्या दाबाला फुटला ते तबकडीवरच्या काट्यावरून वाचायचे. माझे वाचन रोज थोडे चुकायचे. मी आकडे ठोकून देतो असे इतर शिक्षकांना वाटले. ताईंनी मला फळ्याजवळ नेले, मग दाराजवळ, मग व्हरांड्याच्या टोकाशी, आणि प्रत्येक ठिकाणाहून फळा वाचायला लावला. संध्याकाळी त्या स्वतः मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. चष्मा लागल्यावर बाहेर आलो तर समोरच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरेसुद्धा दिसत होती. मी ती मोठ्याने वाचत सुटलो आणि ताई हसत चालत राहिल्या. नानाकाकांच्या घरी मी सहा वर्षे राहत होतो. मला नीट दिसत नाही हे तिथे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आता मिस्त्रींबद्दल. रामधनी मिस्त्री राजघाटापलीकडे राहत. उभ्या बनारसमध्ये त्यांच्यासारखा गवंडी नव्हता, असे ताईंचे मत होते, आणि ताई असे मत सहसा देत नसत. त्यांनी मिस्त्रींना आमच्या वर्गावर शिकवायला बोलावले. प्राचार्यांनी हरकत घेतली की, सही करता न येणारा माणूस डिप्लोमाच्या मुलांना काय शिकवणार? ताईंनी स्वतःची खुर्ची मिस्त्रींसाठी पुढे केली आणि आपण मुलांच्या बाकावर जाऊन बसल्या. त्या त्यांना 'मिस्त्रीजी' आणि 'आप' म्हणत. आम्ही त्यांना अरे-तुरे करत होतो, ते त्या दिवशी बंद झाले.

त्या तासाला मिस्त्रींनी सज्ज्याबद्दल सांगितले. भिंतीतून पुढे आलेला सज्जा खालून कुणी धरलेला नसतो. वरच्या अंगाला ताण बसतो, म्हणून त्याची सळई वरच्या अंगालाच हवी. पण स्लॅब ओतताना मजूर सळयांवर पाय देत चालतात आणि वरची सळई दबून तळाशी जाते. वरून सिमेंट पडले की कुणाला दिसत नाही. शिकलेला हात असेल तर तो आधी फळ्या टाकतो आणि फळ्यांवरून चालतो. एवढे सांगून मिस्त्रींनी आम्हाला आवारातल्या सळयांच्या जाळीवर फळ्या टाकून घमेली घेऊन चालायला लावले. ज्याचा पाय सळईवर पडला त्याला पुन्हा पहिल्यापासून. ताई चाळिशी ओलांडलेल्या होत्या, त्याही घमेले घेऊन चालल्या. वाळू, विटा, खडी यांचे त्यांना जेवढे, तेवढेच त्या हाताचे महत्त्व होते. माल उत्तम आणला आणि हात अडाणी लावला तर बांधकाम वाईटच होणार, आणि हात कितीही कसलेला असला तरी मातीमिश्रित वाळूला तो काही करू शकत नाही, हे त्या मला इतक्या वेळा सांगत की मला पाठ झाले होते.

पुढे मी त्याच तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता झालो आणि ताईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत लागलो. त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाने दूधविनायकावर सभागृह बांधायला घेतले. नानाकाका मंडळाचे अध्यक्ष. ताई बांधकाम समितीत होत्या. उद्घाटन अक्षय्य तृतीयेला करायचे ठरले, पुण्याहून मोठे पाहुणे येणार होते, पत्रिकाही छापून झाल्या. तारीख आधी ठरली आणि इमारत नंतर, सगळे तिथूनच बिघडले.

गल्लीत गाडी येत नाही. वाळू खेचरांच्या पाठीवरून येई, आणि ताई चौकात उभ्या राहून प्रत्येक खेपेतली मूठभर वाळू काचेच्या बरणीत घेत. बरणीत मिठाचे पाणी घालून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू खाली बसते, माती तिच्यावर थर धरते. समितीच्या बैठकीत ताईंनी ती बरणी टेबलावर ठेवली. मातीचा थर दोन बोटे जाड होता. ही वाळू परत पाठवावी आणि सभागृहाच्या सज्ज्याचे काम रामधनी मिस्त्रींना द्यावे, असे त्या म्हणाल्या. नानाकाका म्हणाले, वाळू परत पाठवली तर तारीख चुकेल, आणि मिस्त्री एका सज्ज्याला पंधरा दिवस घेतात. ताईंनी बरणी उचलून त्यांच्या समोर सरकवली.

"ताई, हे मंडळ आहे, तुमचा वर्ग नव्हे," नानाकाका म्हणाले.

पुढच्या बैठकीचे बोलावणे ताईंना आले नाही. त्यांना मानद सल्लागार करण्यात आले आहे, असे पत्र आले. नानाकाकांबरोबर मी त्या दोन्ही बैठकांना हजर होतो. मी काहीही बोललो नाही.

सज्जा ओतला त्या दिवशीही मी हजर होतो. कंत्राटदाराने कुठल्यातरी नाक्यावरून गोळा करून आणलेले मजूर होते. बिचाऱ्यांना कुणी काही शिकवले नव्हते. ते सळयांवरून धावत होते. वरची जाळी खाली दबताना मी डोळ्यांनी पाहिली. फळ्या टाका, एवढेच म्हणायचे होते. नानाकाका शेजारी उभे होते, अंगात नवा कुडता, आणि पाहुण्यांच्या राहण्याच्या व्यवस्थेबद्दल बोलत होते. मी त्यांना हो ला हो करत राहिलो. ओतलेल्या काँक्रीटवर पाणी मारायलाही पुरते दिवस मिळाले नाहीत. आठवड्याच्या आत सजावटवाले आले.

उद्घाटनापूर्वी काँक्रीटचा चाचणी-अहवाल हवा होता. ताई बहिणीच्या आजारपणासाठी पुण्याला गेल्या होत्या आणि प्रयोगशाळेचा प्रभार माझ्याकडे होता. कंत्राटदाराने ठोकळे आणून दिले. त्यांच्या रंगावरूनच कळत होते की, ते सज्ज्याच्या मालाचे नाहीत, वेगळे सिमेंट घालून खास चाचणीसाठी बनवलेले आहेत. नानाकाका संध्याकाळी मला म्हणाले, "तू घरचा आहेस. परक्याकडे जायची वेळ आणू नकोस." ठोकळे यंत्रात घातले, ते उत्तम टिकले. मी अहवाल लिहिला, सही केली आणि ताईंच्या टेबलाच्या खणातून शिक्का काढून उमटवला. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांना नाही कसे म्हणायचे, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. खरे तर मला 'ताईंचा चेला' ही ओळख नकोशी झाली होती. नानाकाकांच्या लोकांत बसायला मला आवडू लागले होते.

उद्घाटन थाटात झाले. वर्षभरात सज्ज्याला भिंतीलगत आडवी चीर गेली आणि खालचा गिलावा सुटू लागला. एका कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी नानाकाकांनी रामधनी मिस्त्रींना बोलावून घेतले, कारण आता नाव ठेवायला जागा राहू नये असा गिलावा हवा होता. मलाही बोलावले. मिस्त्रींनी वर जाऊन चीर पाहिली, खाली येऊन बराच वेळ सज्ज्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले की, आधी खालून टेकू लावा, त्याशिवाय मी खाली उभा राहणार नाही. नानाकाकांनी सांगितले की, उद्या कार्यक्रम आहे, टेकू लावले तर खुर्च्या कुठे मांडायच्या? मग त्यांनी फायलीतून अहवाल काढून मिस्त्रींपुढे धरला. मिस्त्रींना वाचता येत नव्हते. पण शिक्का त्यांनी ओळखला. तो आमच्या प्रयोगशाळेत त्यांनी किती वेळा पाहिला होता.

ते माझ्याकडे वळले. "मैडम का ठप्पा ह न, भैया?"

मी म्हणालो, "हाँ, उन्हीं का है।"

त्यांनी शिडी लावली आणि कामाला लागले. अर्ध्या तासाने सज्जा भिंतीपासून सुटला. मिस्त्री बाजूला फेकले गेले म्हणून वाचले, पण उजवा हात खाली सापडला. रुग्णालयात तो मनगटापासून काढावा लागला.

ताई धावत रुग्णालयात आल्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. मिस्त्रींनी त्यांना पाहिले आणि म्हणाले, "मैडम, ठप्पा तो आपका था।" मग तोंड भिंतीकडे वळवले. अहवालाबद्दल ताईंना काहीच माहीत नव्हते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले, आणि त्यांना कळले. तरी मिस्त्रींना त्या काही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सज्ज्याचा एक मोठा तुकडा प्रयोगशाळेत आणवला, करवतीने चौकोनी कापून घेतला आणि यंत्रात ठेवला. मला काट्यासमोर उभे केले. तुकडा फुटला तेव्हा काटा अपेक्षित आकड्याच्या अर्ध्यालाही पोचला नव्हता.

"वाच," ताई म्हणाल्या.

मी पुटपुटलो.

"मोठ्याने वाच. मग लिही आणि खाली सही कर."

मी लिहिले, सही केली. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुझं तू सांगायचंस, दिगंबर. केव्हा, ते तू ठरव. शिक्का माझ्या लॅबचा होता, तेवढं मी सांगते."

त्यांनी तसेच केले. प्राचार्यांना पत्र लिहिले की, शिक्का माझ्या ताब्यातला होता, तेव्हा जबाबदारी माझी आहे, चौकशी व्हावी. चौकशी कुणालाच नको होती. ते पत्र म्हणजेच कबुली, असे धरले गेले. मंडळाने ठराव केला की, प्रयोगशाळेच्या सदोष अहवालामुळे दुर्घटना घडली. कंत्राटदार शहर सोडून गेला. ताईंकडून प्रयोगशाळा काढून घेतली आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षे त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना रेषा मारायला शिकवले. प्रयोगशाळा माझ्याकडे आली. नानाकाका मला म्हणाले, "ताई आता निवृत्तीला आल्यात. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे." मला तेच ऐकायचे होते. नानाकाका आज हयात नाहीत. त्यांच्यावर ढकलून मी सुटणार नाही. सही त्यांची नव्हती.

आज मी विभागप्रमुख आहे. दरवर्षी नव्या मुलांना वाळूची चाचणी शिकवतो. मुले टिपणे घेतात.

या ग्रंथाच्या वाचकांपैकी जी मंडळी पन्नाशीच्या पुढची आहेत, त्यांना आठवेल की दूधविनायकावरून ताईंना चैत्रातल्या हळदीकुंकवाचे बोलावणे येणे तेव्हापासून बंद झाले. 'ताईंच्या लॅबमुळे बिचाऱ्या मिस्त्रीचा हात गेला,' असे आपण सगळे बोलत होतो. मीही ते ऐकून घेत होतो, कधी मान हलवत होतो. आज आपणच त्यांचा गौरव करत आहोत, जुने विसरून मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखा. क्षमा करण्यासारखे त्यांच्या हातून काहीही घडले नव्हते. अहवाल मी दिला. खोटा आहे हे माहीत असताना दिला. शिक्का मी उमटवला आणि तो ताईंचाच आहे, असे मिस्त्रींना मीच सांगितले.

पण ताईंचे खरे नुकसान दूधविनायकावर झाले नाही. त्या दर महिन्याला राजघाटापलीकडे मिस्त्रींच्या घरी जात राहिल्या. मिस्त्री त्यांना बसायला सांगत, आणि एक शब्दही बोलत नसत. अर्धा तास बसून ताई उठत. सतरा वर्षे असे चालले. एका वाक्याने त्या हे थांबवू शकत होत्या. त्यांनी ते वाक्य माझ्यासाठी राखून ठेवले, आणि मी ते वापरले नाही.

गेल्या महिन्यात मी दुर्गाघाटावर गेलो आणि या लेखात काय लिहिणार आहे ते ताईंना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फक्त एवढे विचारले, "मिस्त्रीजींना सांगितलंस?" मी नाही म्हटले. "मग आधी तिकडे जा. पुस्तक वाचणारे काय, थांबतील."

मी गेलो. मिस्त्री आता थकले आहेत. दारासमोरच्या बाजेवर बसले होते, डाव्या हाताने जेवत होते. मी त्यांचे जेवण होऊ दिले आणि मग सगळे सांगितले, मजुरांच्या पायांपासून शिक्क्यापर्यंत. त्यांनी मध्येच थांबवले नाही. शेवटी विचारले की, हे मॅडमना तेव्हाच माहीत होते का? मी हो म्हटले. मग त्यांच्या तोंडून निघाले, "आउर हम उनसे बोलत ना रहनी।" आणि मी त्यांच्याशी बोलत नव्हतो, एवढेच; माझ्याशी ते त्यापलीकडे बोलले नाहीत. जायची खूण केली. मी माफी मागायला वाकलो तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. ते योग्यच होते.

चार दिवसांनी मी पुन्हा ताईंकडे गेलो. मिस्त्री येऊन गेले होते. नातवाचा खांदा धरून इतक्या गल्ल्या चालत आले होते. काय बोलले, असे मी विचारले. ताई म्हणाल्या, "जिन्याची भिंत पाहिली. ओल आतून आहे, वरून कितीही लिंपलं तरी उपयोग नाही म्हणाले. चुन्याचं काम करावं लागेल. नातवाला दाखवून करून घेतो म्हणाले."

"आणखी काही?"

"आणखी काय बोलणार? सतरा वर्षं गेली." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. मला बस म्हणाल्या नाहीत, जा असेही नाही.

संपादक मंडळाने हा लेख छापावा की नाही, ते त्यांनी ठरवावे. छापल्यास यातली एक ओळही काढू नये. माझ्या वरिष्ठांना याची प्रत मी दिली आहे. पुढे जे होईल ते होईल.

ताईंच्या गुडघ्यांना आता घाटाच्या पायऱ्या झेपत नाहीत, एका डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. ती नीट पार पडो आणि त्यांना स्वच्छ दिसो. त्यांना उत्तम प्रकृती लाभो, आणि आपण त्यांच्याकडून हिरावून घेतली तितकी वर्षे तरी, म्हणजे आणखी सतरा, त्यांच्या पदरात पडोत, मिस्त्रीजींशी भिंतींबद्दल बोलत बसायला. त्या वर्षांत माझ्याशी बोलायचे की नाही, हे त्यांनी ठरवावे.